तिरडीमागचा बर्फ

चहा यायच्या आत सांगून टाकतो, कारण हा किस्सा चहा पिता पिता ऐकण्यासारखा नाही. आणि ज्यांच्या घरी आज संध्याकाळी मच्छीचा बेत असेल त्यांनी खुशाल उठून जावं. मी वाईट वाटून घेणार नाही. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. कोणी चुकीच्या गाडीत बसतो, कोणी भलत्याच मांडवात जेवून आहेर करून येतो. माझी चूक तेवढी साधी नव्हती. मी एका म्हाताऱ्याच्या मरणात सबंध मच्छीमारपुऱ्याचा वर्षभराचा माल मातीत घातला. आणि तोही मदत करायला जाऊन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी पांढुर्ण्याला मच्छीमारांच्या सोसायटीत कारकून होतो. सोसायटी म्हणजे एक खोली, एक पत्र्याचं गोदाम आणि एक पाटी. मी मच्छी खात नाही. याच एका पात्रतेवर मला ती नोकरी मिळाली होती. आधीचा कारकून फार आवडीने खायचा.

तिगावच्या बाजूला सोसायटीकडे एक तलाव होता. पावसाळ्यात त्यात मच्छीचं बीज सोडायचं, हिवाळाभर राखण करायची आणि मे महिन्यात पाणी तळाला गेलं की जाळं लावून सगळी मच्छी काढायची. मालाचा मोठा भाग बर्फात घालून आगगाडीने नागपूरला जायचा, उरलेला आमच्याच बाजारात खपायचा. पुढे पावसाळ्यात या लोकांना दुसरं काम नसे. तेव्हा चूल कशावर पेटणार, हे मे महिन्यातल्या त्या तीन-चार दिवसांवर ठरायचं. मच्छी विकली गेली तर बरं. नाही गेली तर ती काही कपाटात ठेवता येत नाही.

सोसायटीचा अध्यक्ष गोमाजी. अध्यक्ष म्हणजे जाळं ओढताना सगळ्यात पुढे चिखलात उभा राहणारा माणूस. त्याची बायको सेवंताबाई बाजारात मच्छी घेऊन बसायची. तिच्या विळ्याला धार होती, पण गिऱ्हाईक भ्यायचं ते जिभेला.

त्या वर्षी जाळं लावायच्या आदल्या दिवशी नागपूरहून बर्फाच्या लाद्या आल्या. भुसा लावून, पोत्यांत गुंडाळून गोदामात ठेवल्या. आणि त्याच दुपारी लक्ष्मणराव वारले.

लक्ष्मणराव म्हणजे तलावाच्या बांधाला लागून ज्यांचा संत्र्याचा बगीचा होता ते. वय झालेलं, नातवंडं पाहिलेली, कसलीच तक्रार नसलेलं मरण. त्यांचा धाकटा मुलगा बाळाभाऊ धावत सोसायटीत आला.

"बाबूजी, बाबा गेले. दादा रायपूरले हाय, तार केली, उद्या सकाळी येते. तवरक बाबाले ठेवाचं कसं? ऊन पाह्यता न तुमी. गावातल्या बरफ कारखान्याची मोटार जळून पडली हाय."

मी गोमाजीकडे पाहिलं.

"म्हातारा चांगला होता," गोमाजी म्हणाला. "बांधावरून कधी हाकललं नाही आमाले. पन बाबूजी, मच्छी नागपूरले न्याचा बरफ हाय हा."

"लागन तेवढा देऊ," मी म्हणालो. "उरन तो वापस आनू. सोसायटीचा माल हाय, शिल्लक जमा झालीच पाह्यजे."

"मयताच्या घरून?"

"घर कोनाचंही असो."

हे वाक्य मी कसं म्हणालो असेन, ते तुम्ही डोळ्यासमोर आणा. मान ताठ, चष्मा नाकावर. आमच्या खात्यात यालाच शिस्त म्हणतात.

लाद्या गेल्या. बहुतेक सगळ्या लक्ष्मणरावांच्या खाली आणि बाजूला लागल्या आणि सकाळपर्यंत पाणी होऊन वाहून गेल्या. दोन मात्र उरल्या. त्या मयताजवळ नेल्यासुद्धा नव्हत्या. मागच्या गुरांच्या कोठ्यात, भुशात, पोत्यांत जशाच्या तशा पडून होत्या. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. तेव्हाही सांगितलं होतं. तेव्हाच सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी थोरला मुलगा आला. तिरडी बांधली. तिकडे तलावावर पहाटेपासून जाळं लागलं होतं आणि मच्छीने भरलेल्या बैलबंड्या गोदामाकडे निघाल्याचा निरोप आला. मच्छी आली आणि गोदामात बर्फाचा तुकडा नाही. उरलेल्या दोन लाद्यांवर ती नागपूरला पोचणार नव्हतीच, पण निदान गावातल्या बाजारापुरती तरी टिकली असती. म्हणून मी एका हमालाला घेऊन त्या लाद्या हातठेल्यावर चढवल्या.

आता लोकांनी तिरडी उचलली ती त्याच क्षणी. घरापासून चौकापर्यंत गल्ली एकच, आणि तीही बोळासारखी. मी काय करायला हवं होतं? थांबायला हवं होतं. सगळे नदीवर पोचल्यावर निघायला हवं होतं. पण ऊन चढत होतं, लादी वितळत होती, आणि मी सोसायटीचा जबाबदार कारकून होतो. मी ठेला तिरडीच्या मागे लावला.

म्हातारं माणूस, भरल्या घरातून निघालेलं. म्हणून भजनी मंडळ होतं, टाळ होते, लाह्या होत्या, गुलाल होता. गुलाल तिरडीवर उधळत, आणि वाऱ्याने तो मागे येऊन माझ्या ठेल्यावर बसे. पोती ओली. थोड्या वेळाने पोत्यांतून लाल पाणी ठिबकायला लागलं. गल्लीभर, तिरडीच्या मागे, एक लाल रेघ. बायका दारातून लाह्या-फुलं टाकत होत्या, त्यांतली काही ठेल्यावर पडली. मी मेलेल्या माणसाचा मान म्हणून टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घालून चालत राहिलो.

चौकात तिरडी उजवीकडे नदीच्या वाटेला लागली आणि बर्फ डावीकडे मच्छीच्या गोदामाकडे वळला. सगळा चौक उभा राहून माझ्याकडे बघत होता. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकाच वेळी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, कामाची कदर होते आहे.

संध्याकाळी बाजारात मच्छीच्या ओळीत सेवंताबाई बसली. रोहू, कतला, हाताएवढे मरळ. फोडलेल्या बर्फावर मांडलेले. बर्फाला किंचित गुलाबी झाक होती. लोक येत, वाकत, कल्ला उघडून बघत, बर्फाकडे बघत आणि पुढे जात. एरवी भाव करून करून डोकं उठवणारी माणसं. त्या दिवशी कोणी भावच विचारेना.

शेवटी एक गुरुजी थांबले. शाळेत शिकवणारे, नियमित गिऱ्हाईक.

"बाबूजी, हा बरफ लक्ष्मनरावच्या घरून आनला न?"

"हो, आनला. पन..."

"मयत घरात होतं तवा?"

"गुरुजी, मयताखाली गेला तो बरफ अलग. हा त्याच्या बाजूले होता."

बाजूला होता. कोठा घराच्या बाजूला होता, असं मला म्हणायचं होतं. गुरुजींनी हातातला रोहू जपून खाली ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवतात, आणि धोतराला हात पुसत निघून गेले. त्यांच्यामागे उभी असलेली माणसंही गेली.

सेवंताबाईने विळा आडवा ठेवला. "बाबूजी, तुमी आता घरी जा. तुमी एक सबद बोलता आन माये धा गिऱ्हाईक उठतात."

"अवो पन खरं सांगून राहिलो मी."

"मंग खोटं बोला. नाहीतर चूप राहा."

मला दोन्ही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आपल्या बोलण्याला वजन नाही, घरच्या माणसाच्या बोलण्याला असेल. मी बाळाभाऊकडे गेलो. भला माणूस. बापाला जाऊन एक दिवस झालेला, तरी लगेच उठला. "माया बापासाठी त्यायचं नुकसान नको व्हाले," म्हणाला आणि जसा होता तसा माझ्याबरोबर बाजारात आला.

जसा होता तसा. म्हणजे डोकं सफाचट, अंगावर पांढरं धोतर, खांद्यावर कोरा पंचा. तो मच्छीच्या टोपल्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ हो, माया बाबाखालचा बरफ हा नोहे."

आणि बाप आठवून रडायला लागला.

लोक जमले. एकाने विचारलं, "मंग तुमीच एखादी घेऊन जा न, बाळाभाऊ. आमाले इस्वास येईन."

"सुतक हाय न भाऊ," बाळाभाऊ डोळे पुसत म्हणाला. "तेरवी होवोपर्यंत आमी मच्छीले शिवत नाही."

गर्दीतून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "पाह्य लेका. घरचाच मानूस शिवून नाही राहिला."

यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? सुतकात कोण मच्छी हातात धरतो? हे मला माहीत नव्हतं का? होतं. इथेच जन्मलो, इथेच मोठा झालो. पण माणसाला उपाय सुचला की बाकी सगळं विसरायला होतं.

पुढे तर आणखी वाईट झालं. बाळाभाऊ थकून सेवंताबाईच्या पाटावर बसला. ज्यांना मयतीला जाता आलं नव्हतं ते त्याला पाहून समाचाराला येऊन टेकायला लागले. लक्ष्मणराव कसे सज्जन होते, शेवटचं काय बोलले, दोन घास खाल्ले होते की नाही. मच्छीच्या ओळीत बैठकच बसली. माणसं येत, हात जोडत, उसासा टाकत आणि पदर किंवा रुमाल नाकाला लावून उठत. दुःखाने की वासाने, ते कळत नव्हतं. सेवंताबाई सगळ्यांना लोट्यातून पाणी देत होती. दिवसभरात तिने पाण्याशिवाय काही दिलं नाही.

त्या दोन लाद्याही एव्हाना संपल्या. गोमाजीने शेवटचा मार्ग काढला. जेवढी मच्छी अजून धड होती तेवढी ट्रकमध्ये घालून तो आणि सेवंताबाई पहाटेच सौंसरच्या बाजाराला गेले. तिकडे कोणाला काही माहीत नव्हतं.

आणि इथे, मंडळी, मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक मराठी लिहिली.

मी विचार केला, अफवेचं काय सांगावं? पांढुर्ण्याहून सौंसर असं कितीसं लांब? आज ना उद्या पोचेल. तिच्या आधी खुलासा पोचला पाहिजे. मी कागद घेतला, मजकूर केला, तीनदा खोडून पक्का केला, पहिल्या बसने सौंसरला गेलो आणि दवंडीवाल्याला गाठलं. गोमाजीला आधी विचारायचं मनातही आलं नाही. कोणाला विचारून खुलासा करायची आमच्या खात्यात पद्धत नाही.

मजकूर असा होता: "तमाम लोकांस कळविण्यात येते की, आज बाजारात पांढुर्ण्याहून आलेल्या मच्छीस मयताचा बर्फ लावलेला नाही. मयताचा बर्फ वेगळा होता व तो वितळून गेला. लोकांनी निःशंक मनाने मच्छी न्यावी."

दवंडीवाल्याने डफडं वाजवलं आणि एक शब्द न गाळता, स्वच्छ आवाजात, बाजाराच्या चारी कोपऱ्यांत हे म्हटलं. दुर्दैव ते तेवढंच. तो दारू पिऊन आला असता, अर्धं विसरला असता, तर ती माणसं वाचली असती.

कारण सेवंताबाईची विक्री चांगली चालू होती. अर्ध्या भावात का होईना, टोपलं रिकामं होत होतं. डफडं वाजलं आणि हात थांबले.

"कोनाचं मयत?"

"काहीतरी असन म्हनून त पुकारून राहिले."

"लावला नाही म्हन्ते. मले त मालूमच नोहतं का मयताचा बरफ बी लावतात."

पहिल्यांदा पिशव्या उघडल्या गेल्या. मग मच्छी परत टोपल्यात पडायला लागली. मग घरी पोचलेली मच्छी परत यायला लागली. एक बाई तर जर्मनचं गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलंच, घेऊन आली. आत कापलेली मच्छी, हळद-मीठ लावलेली.

"हे घ्या तुमचं. माये लेकरं हायेत घरी."

सेवंताबाई काही बोलली नाही. तिला न बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गंजातले तुकडे तिने हातात घेतले आणि कुठे ठेवावे ते तिला कळेना.

गोमाजीने दवंडीवाल्याला अडवलं. "कोनं सांगतलं तुले हे पुकाराले?"

दवंडीवाल्याने डफड्याची काडी माझ्याकडे केली.

मला वाटलं, हा आता अंगावर येणार. आला असता तर मी चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. तो आला नाही. उन्हात माझ्याकडे बघत उभा राहिला.

"बाबूजी," तो म्हणाला, "बरफ व्हता. दोन दिवसात वितळून गेला असता. तुमी वितळूच नाही देल्ला."

उरलेल्या मालाचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. चहा येताना दिसतो आहे. बायकांनी जेवढी वाचवता आली तेवढी मच्छी चिरून, मीठ लावून तलावाच्या कोरड्या तळात उन्हात पसरली. मे महिन्याचं ऊन, दोन-तीन दिवसांत लाकडासारखी वाळली. ती खारी मच्छी विकायला पांढुर्ण्यात कोणी बसलं नाही. पावसाळाभर पुऱ्यातल्या लोकांनी तीच खाल्ली. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. पोरांच्या तोंडाला फोड आले म्हणतात. नासलेली सगळी बाळाभाऊने बंड्या भरून नेली आणि संत्र्याच्या झाडांच्या बुडाशी पुरली. पुढच्या बहराला त्याच्या बगीच्यात फांद्या वाकतील इतकी संत्री लागली. गुरुजी माझ्यादेखत टोपलीभर घेऊन गेले. फार गोड आहेत म्हणाले. मी त्या वेळी खुलासा केला नाही. थोडं तरी शिकलो होतो.

सोसायटी त्या धक्क्यातून उठली नाही. पुढच्या साली तलाव बाहेरच्या ठेकेदाराने घेतला. काही घरं मजुरीला बोरगावकडे गेली. जी राहिली ती त्याच तलावात, तेच जाळं, दुसऱ्यासाठी ओढायला लागली. गोमाजीचं मन त्यात रमलं नाही. तो गावातल्या बर्फ कारखान्याचा ठेला ओढायला लागला. मला सौंसरला दुसऱ्या एका कचेरीत जागा मिळाली. कारकुनाला कुठेही जागा मिळते. पांढुर्ण्याच्या बाजारात सेवंताबाई दिसली की मी रस्ता बदलायचो. तिने मात्र कधी बदलला नाही.

काही वर्षांनी माझे वडील पांढुर्ण्याच्या घरी वारले. महिना मेच. धाकटा भाऊ जबलपूरला. तो सकाळी येणार म्हणून वडिलांना ठेवायचं होतं. बर्फ आणायला जायचं मला धैर्य होईना. मी ओट्यावर बसून होतो, तर गल्लीच्या तोंडाशी ठेल्याचा आवाज आला. गोमाजी. कोणी सांगितलं नव्हतं. त्याने लाद्या उतरवल्या, लागल्या तेवढ्या एकेक करून आत नेल्या, वडिलांच्या भोवती नीट लावल्या आणि पाणी बाहेर जाईल अशी वाट करून दिली. मग ठेला भिंतीला लावून रात्रभर अंगणातच बसला.

सकाळी भाऊ आला. तिरडी बांधून झाली. सगळा मोहल्ला अंगणात उभा, चिडीचूप. मी आणि भाऊ खांदा द्यायला वाकलो, एवढ्यात गोमाजी जवळ आला. पंचाने हात पुसत, अगदी हळू, पण भावालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"बाबूजी, दोन लाद्या उरल्या. कोठ्यात हायेत. शिल्लक आत्ताच नेऊ, का तुमच्या मांग मांग घेऊन येऊ?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सुरकुती हलली नाही. तो चेष्टा करत होता की विचारत होता, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

भावाला तो सगळा किस्सा पाठ होता. त्याने पंचा तोंडात कोंबला. त्याचे खांदे हलायला लागले. ते पाहून माझेही. मी तिरडीचा बांबू घट्ट धरला, मान खाली घातली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो कशाचा होता ते मला लपवता आलं नाही. की सांगताही आलं नाही, कारण मधेच तो खरोखरीच रडण्याचा झाला. आम्हाला पाहून बायकांनी नव्याने हंबरडा फोडला. म्हातारी माणसं रुमाल काढायला लागली.

त्या दिवसानंतर कितीतरी महिने लोक मला थांबवून सांगायचे, "बापावर जीव असावा त तुमच्यासारखा, बाबूजी. असं रडनं आमी कोठी पाह्यलं नाही."

अख्ख्या गावाचा माझ्याविषयी एवढा एकच गैरसमज माझ्या फायद्याचा झाला. तेवढ्यापुरती मी दवंडी दिली नाही.